नाशिकच्या गच्चीवर मेपलचं बोन्साय: पानं लाल होईपर्यंत आणि गळून गेल्यावर

मागच्या डिसेंबरात मैत्रिणीने फोटो पाठवला. ट्रेमध्ये मेपल, अंगावर एकही पान नाही, आणि खाली प्रश्न: "मेलं का गं?" मी तिला बारीक फांदीची साल नखाने जरा खरवडायला सांगितलं. आतून हिरवीगार निघाली. झाड नुसतं झोपलं होतं, आणि ती घाबरून त्याला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी आणि वर मूठभर शेणखत घालत होती. पहिल्या वर्षी मीही अगदी हेच केलं होतं. तिचं झाड वाचलं. माझ्या झाडाची मुळं फेब्रुवारीत उपसून पाहिली तर काळी, बुळबुळीत, आंबूस वासाची.

मेपल हे थंड हवेचं झाड आहे आणि त्यावरचं बहुतेक लिखाण थंड देशांत बसून केलेलं असतं. तिथलं वेळापत्रक नाशिकमधल्या इंदिरानगरच्या गच्चीवर जसंच्या तसं लावलं की फसगत होते. इथे मी आपल्या हवेप्रमाणे लिहिते आहे. सगळ्यात आधी एक सांगते: डिसेंबरात पान लाल होणार की नाही हे मे महिन्यातच ठरतं. म्हणून पानगळीचा हा लेख उन्हाळ्यापासून सुरू होतो.

आधी एवढं जमवून ठेवा

- भोकं असलेला उथळ ट्रे, भोकांवर टाकायला प्लॅस्टिकची जाळी आणि झाड ट्रेला बांधायला थोडी तार
- धारदार छोटी कात्री. द्राक्षवाल्यांचं सिकेटर (छाटणीची मोठी कात्री) जाड फांदीला चालतं, बारीक कामाला नाही
- अ‍ॅल्युमिनियमची तार, 1 ते 2.5 मिमी
- फुटक्या विटांचा चुरा, बारीक खडी, कोळशाचे तुकडे, थोडं कोकोपीट
- 50 टक्के सावलीची शेडनेट
- बारीक झारी आणि पावसाचं पाणी साठवायला पिंप
- जेवणातली लाकडी चॉपस्टिक. नसली तर अगरबत्तीची काडी

शेवटची वस्तू गंमत म्हणून लिहिलेली नाही. काडी मातीत तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली निघाली तर पाणी नको. माझ्या घरात याहून जास्त कामाला आलेलं हत्यार नाही.

1. हातात आहे ते मेपलच आहे ना, ते बघा

माझं पहिलं "मेपल" मी एका नर्सरीतून साडेतीनशे रुपयांना आणलं. गडद लाल पानं, पंजासारखा आकार, मी खूश. दिवाळीच्या सुमारास त्याला चक्क जास्वंदीसारखं फूल आलं. पान चावून पाहिलं तर आंबट. ती अंबाडीची लाल पानांची बहीण होती, आणि मेपल म्हणून ती आजही सर्रास विकली जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. जास्वंद, अंबाडी, लिक्विडअंबर (मेपलसारख्याच पानांचं दुसरं झाड) या सगळ्यांची पानं एकाआड एक असतात. नर्सरीत रंगाकडे बघू नका, फांदी उलटी करून देठ कुठून निघतात ते बघा.

त्यातही दोन प्रकार तुमच्या कानावर येतील. जपानी मेपल, ज्याच्या पानाला साधारण पाच ते सात बोटं असतात. आणि ट्रायडंट मेपल, तीन टोकांचं, बदकाच्या पावलासारखं पान. ट्रायडंट मूळचं पूर्व चीन आणि तैवानकडचं. ऊन आणि चुकीचं पाणी दोन्ही ते जपानी मेपलपेक्षा पुष्कळ जास्त सोसतं. नाशिकमध्ये पहिलं झाड घेणाऱ्याने ट्रायडंटच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानी मेपलच्या कातरलेल्या पानाचा मोह मला अजूनही होतो, पण त्याची दोन रोपं माझ्याकडे दोन उन्हाळेसुद्धा टिकली नाहीत.

रोप हिमाचल किंवा उत्तराखंडच्या नर्सऱ्यांकडून कुरियरने मागवता येतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत मागवा. तेव्हा ते बिनपानांचं, झोपेत प्रवास करतं. एप्रिलमध्ये मागवलंत तर खोक्यातून कोळ बाहेर निघेल.

बियांच्या बाबतीत दोन सापळे. "निळं मेपल", "सप्तरंगी मेपल" अशा पाकिटांवर पैसे घालवू नका, असं झाड जगात नाही. आणि परदेशातून बी किंवा रोप मागवायचं तर 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. "मी पार्सलमध्ये गुपचूप पाठवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

2. आपल्याकडची पानगळ कधी येते ते समजून घ्या

जपानमधल्या क्योटोत मेपल नोव्हेंबरच्या उत्तरार्धात रंगतं. तिथे तेव्हा दिवस दहा तासांच्या आसपास येतो आणि रात्री गार होतात. आपण विसाव्या अक्षांशावर. आपला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा. त्यामुळे झाडाला हिवाळा आल्याचा निरोप उशिरा आणि जरा मोघमच मिळतो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे आपल्या रात्री तरी गार होतात. मुंबईच्या गॅलरीत तेवढंही नाही.

माझ्या गच्चीवर रंग डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात धरतो आणि पानं संक्रांतीपर्यंत गळतात. म्हणजे आपल्या पंचांगातल्या हेमंतात रंग आणि शिशिरात पानगळ. नोव्हेंबरात हिरवंगार झाड पाहून निराश होऊ नका.

आत काय चालतं तेही थोडक्यात बघू. दिवस लहान झाले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र फांदीत ओढून घेतं. हिरवा पडदा गेला की आधीपासून पानात असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून. देठाच्या बुडाशी बुचासारखा पापुद्रा धरायला लागतो, साखर पानातच अडकते, आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री गारवा मिळाला की ती लाल होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. ज्या पानाची कड मे महिन्यात जळाली, त्यात साखरही नाही आणि रंगही नाही. आणि ज्या झाडाला दिवाळीत युरिया मिळाला, ते हिरवं सोडायलाच तयार नसतं.

3. मे महिन्यात पान वाचवा

गुढीपाडव्याच्या आसपास शेडनेट बांधा. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम: नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन, पुढे सावली. पश्चिमेच्या भिंतीजवळ झाड ठेवू नका. ती भिंत रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहते.

नवखे लोक वरच्या उन्हाचा विचार करतात आणि खालच्या स्लॅबचा विसरतात. एप्रिलमध्ये दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. तो चटका ट्रेच्या तळाला दिवसभर बसतो आणि ट्रे जेमतेम दोन-तीन इंच खोल. दोन विटांवर लाकडी फळी टाका, फळीवर ट्रे. मी फळीखाली वाळूची ओली परात ठेवते.

पाणी सकाळी लवकर, भोकांतून वाहेपर्यंत. संध्याकाळी काडी खोचून बघा, कोरडी निघाली तरच दुसऱ्यांदा. कोरडा गरम वारा सुटला की उन्हाइतकंच पान त्यानेही करपतं, म्हणून वाऱ्याच्या बाजूला नेटचा एक पदर खाली सोडा.

बोअरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडचं बोअर बहुतेक जड. ट्रेच्या कडेला पांढरी पुटं चढली की समजा. मेपलला किंचित आंबट माती लागते. जड पाण्याने ती खारी-चुनखडी होत जाते आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. नळाचं पाणी बरं, पावसाचं सगळ्यात चांगलं.

4. पहिल्या पावसानंतर जळकी पानं कापा

कितीही जपलंत तरी जूनपर्यंत काही पानांच्या कडा तपकिरी झालेल्या असतातच. दोन-तीन चांगले पाऊस झाले, हवा थंडावली, की ही पानं कापा. अख्खं पान ओढून काढायचं नाही. देठ फांदीवर ठेवायचा आणि पानाचं पातं तेवढं कात्रीने उडवायचं. आठ-दहा दिवसांत देठ आपोआप पडतो आणि त्याच्या बगलेतला डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब, फुगलेला दिसतो. तीन-चार आठवड्यांत नवी कोवळी पानं. मे महिन्यातून वाचलेल्या पानांसोबत डिसेंबरात रंगणार ती हीच.

झाड तब्येतीने चांगलं असेल तरच हे करा, आणि पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त पानं काढू नका. त्याच वर्षी कुंडी बदलली असेल तर हात लावू नका.

पावसाळ्यात ट्रे कधीही बशीत ठेवू नका. सलग झड लागली की मी ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवते. ट्रे तिरका झाला की तळाचं साठलेलं पाणी उतरून जातं. पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढून टाका आणि झाड मोकळ्या वाऱ्यावर न्या. द्राक्षाच्या मुलखात भुरीचं औषध घरोघरी सापडतं, पण बागेचा डोस कुंडीत ओतू नका.

5. गणपती गेले की नत्र बंद

नवी पानं कडक झाल्यापासून अधूनमधून दिलेलं पातळ खत, पेंडीचं पाणी, गांडूळखत, सगळं सप्टेंबरच्या मध्यावर थांबवा. त्यानंतर दिलेल्या नत्राने लुसलुशीत फूट येते, ती थंडीपर्यंत पिकत नाही, आणि रंग तर नाहीच. मी या दिवसांत फक्त पालाश (पोटॅश) देते: झिरो-झिरो-पन्नास, म्हणजे ज्यात नत्र अजिबात नाही असं खत, एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा.

ऑक्टोबरचं ऊन मात्र विसरू नका. पाऊस गेला म्हणून शेडनेट सोडून ठेवणाऱ्यांची पानं दसऱ्याला जळतात. नेट दिवाळीपर्यंत राहू दे.

6. दिवाळीनंतर झाड उन्हात आणि रात्री अंधारात

नेट एकदम काढू नका. आधी सकाळचं ऊन, मग आठवड्याने दुपारपर्यंतचं, नोव्हेंबर अखेर पूर्ण ऊन. लाल रंगाला ऊन लागतंच. सावलीतलं मेपल फार तर पिवळं होऊन गळतं.

रात्री झाडावर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर जागा बदला. दिव्याजवळच्या फांद्यांना दिवस मोठाच वाटतो आणि त्या पानं सोडत नाहीत. माझ्या एका ट्रेचं अर्धं झाड जानेवारीत हिरवं आणि अर्धं उघडं होतं. कारण शोधायला मला महिना लागला: समोरच्या खांबावर नवीन एलईडी बसला होता.

आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की झाडं घरात घेणारे लोक असतात. मेपलला घरात घेऊ नका. नाशिक शहरातली थंडी त्याला कमीच पडते. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेलं मेपल झोपत नाही. ते दोन-तीन वर्षं जागतं आणि मग एकदाच मरतं.

7. रंग आहे की रोग, हे कसं ओळखायचं

पाणी द्यायचं की थांबवायचं हे इथेच ठरतं, म्हणून सावकाश बघा.

खऱ्या पानगळीतलं पान कडेपासून रंगायला लागतं आणि शिरांच्या लगतचं हिरवं सगळ्यात शेवटी जातं. उन्हासमोर धरलंत तर लाल कागदावर हिरव्या शाईने नदीचा नकाशा काढल्यासारखं दिसतं. ते मऊ असतं. बोटाने देठाला नुसता धक्का दिला की अलगद हातात येतं, आणि जिथून सुटलं तिथे कोरडा, स्वच्छ व्रण दिसतो. व्रणाच्या वर मोहरीच्या दाण्याहून लहान, टोकदार डोळा असतो. तो दिसला की झाडाचं पुढच्या वर्षाचं काम झालं आहे असं समजा.

करपलेलं पान कुरकुरीत असतं, तपकिरी, आतल्या बाजूला वळलेलं, आणि फांदी सोडत नाही. ओढलं तर देठ तुटतो किंवा साल सोबत येते. पान सोडणं हे जिवंत फांदीचं काम आहे. अचानक मेलेली फांदी पानं धरूनच सुकते. एकाच फांदीवर अशी पानं लटकत असतील तर तिची साल खरवडून बघा. आतून तपकिरी निघाली तर हिरवं लागेपर्यंत मागे छाटत या.

जुलै-ऑगस्टमध्ये शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. पाणी बदला, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर खत कमी पडलंय. मार्च ते मे पानांवर बारीक ठिपके आणि मागच्या बाजूला जाळी दिसली तर लाल कोळी ही बारीक कीड. रोज सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तीन हिवाळ्यांत माझं ट्रायडंट एकदाच मनासारखं लाल झालं. एका वर्षी नारिंगी, एका वर्षी विटकरी-पिवळं. नुसता लाल रंगच हवा असेल तर रस्त्याकडेचा देशी बदाम दरवर्षी फुकट आणि हमखास लाल होतो.

8. पानं गळली की हात आवरा

बिनपानांच्या झाडाला पाणी फार कमी लागतं. काडी खोचा. माझ्याकडे जानेवारीत तीन-चार दिवसांनी एकदा पुरतं. माती पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही एवढंच. खत शून्य. गळलेली पानं मातीवरून वेचून टाका, नाहीतर त्यांच्याखाली बुरशी धरते.

संक्रांतीपर्यंत काही पानं चिकटून राहिली असतील तर ती देठ ठेवून कापून टाका. झाडाला थोडी तरी विश्रांती मिळायला हवी.

आमचे भाऊजी दिंडोरीत द्राक्षं करतात. जानेवारीत आले, उघडं झाड बघून म्हणाले, "वहिनी, डोळे फुटत नाहीत तर पेस्टिंग करून टाका की." पेस्टिंग म्हणजे द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे औषध लावणं. ते लावतात, कारण आपल्या थंडीत वेलाचे सगळे डोळे एकसारखे फुटत नाहीत. अडचण मेपलची आणि द्राक्षाची खरंच एकच आहे. पण ते औषध जहाल विषारी, त्याची मात्रा द्राक्षासाठी बसवलेली, आणि घरच्या गच्चीवर मुलंबाळं असतात. ते करू नका.

त्याऐवजी लहान कुंडीपुरता एक उपाय आहे: फ्रिज. मेपलला खरं तर काही आठवडे सलग सात अंशांखालची थंडी लागते, आणि आपल्याकडे फार तर पहाटेचे काही तास मिळतात. सगळी पानं गळून गेल्यावरच, माती ओलसर ठेवून, कुंडी सैल प्लॅस्टिकमध्ये घालून भाजीच्या कप्प्यात सहा आठवडे ठेवायची. पानं नसल्यामुळे अंधार चालतो. आठवड्याला ओलावा बघायचा. सफरचंदं, केळी त्या कप्प्यात नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे खराब होतात. मी चार इंची कुंडीवर हा प्रयोग केला. सासूबाई दीड महिना "कोथिंबीर कुठे ठेवू?" विचारत होत्या. फेब्रुवारीत ते झाड बाहेरच्या झाडांपेक्षा एकसारखं फुटलं.

फांद्यांची रचना बघायची आणि तार लावायची हीच वेळ. तार फांदीत रुतायच्या आत, म्हणजे एप्रिलपर्यंत, कापून काढा. उलटी सोडवत बसू नका, डोळे मोडतात. छाटणी पानं गळल्याबरोबर करा. डोळे फुगायला लागल्यावर कापलंत तर काप पाझरत राहतो.

9. डोळे फुगले की कुंडी बदला

जानेवारी अखेर ते महाशिवरात्रीच्या आधी, डोळे फुगलेले पण पान उघडलेलं नाही, असे आठ-दहा दिवस मिळतात. दोन वर्षांतून एकदा, याच दिवसांत. मुळांचा फार तर तिसरा हिस्सा कापा, आधी खाली वाढणारी जाड मुळं. नवीन आणलेलं झाड पहिल्या वर्षी तसंच राहू द्या.

बागेतली काळी माती ट्रेमध्ये घालू नका. पावसात तिचा गिलावा होतो, उन्हात भेगा पडतात आणि भेगेबरोबर मुळं तुटतात. मी तीन भाग विटांचा चुरा, एक भाग बारीक खडी, एक भाग कोकोपीट आणि मूठभर कोळसा घेते. चुरा तीन ते पाच मिलिमीटरचा. त्याखालची भुकटी चाळून फेका, तीच तळाशी बसून भोकं बुजवते. झाड तारेने ट्रेला घट्ट बांधा. हललं की नवी मुळं तुटतात.

तीन आठवडे सावलीत ठेवा. पहिली पानं तांबूस, ओल्या कागदासारखी लुळी असतात. ती हाताला कडक लागेपर्यंत खताचा डबा कपाटातच राहू दे. तोवर पाडवा येतोच, आणि शेडनेटच्या दोऱ्या शोधायला घ्या.